चालीच्या खालचा सूर

नवीन गाणं पेटीवर बसवायला घेतलं की हात आधी चालीच्या मागे जातो. दोन-चारदा मुखडा ऐकला, गुणगुणून पाहिला, पट्टी सापडली की उजव्या हाताची बोटं आपसूक सुरांवर पडू लागतात. हे काम सहज करणारी माणसं आपल्याकडे गावोगावी आहेत. भजनी मंडळातला पेटीवाला कधी न ऐकलेली चाल दुसऱ्या ओळीपर्यंत उचलतो आणि तिसऱ्या ओळीला गायकाच्या बरोबरीने वाजवतो. नोटेशनचा कागद त्याने हातातही धरलेला नसतो. पण तोच माणूस गिटार घेऊन किंवा कीबोर्डवर डावा हात ठेवून सिनेमातल्या गाण्याला कॉर्ड लावायला बसला की अडखळतो. चाल अचूक असते, खाली काहीतरी खटकत राहतं. मग एकामागून एक कॉर्ड दाबून पाहायच्या आणि त्यातल्या त्यात कमी खटकणारी ठेवून द्यायची, असा प्रकार सुरू होतो.

कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे तीन किंवा जास्त स्वर. असा गठ्ठा कानाने थेट ओळखणं नवशिक्याला खरोखरच जड जातं. पण गठ्ठ्याच्या तळाशी जो एक स्वर असतो, तो सुटा ऐकता येतो, गळ्याने गाताही येतो. तो सहसा बेस गिटारवर असतो, जुन्या गाण्यांत डबल बेसवर, कुठे पियानोच्या डाव्या हातात. हे तळाचे स्वर एकापुढे एक जोडले की बेसची ओळ तयार होते, आणि तीही एक चालच असते. वरची चाल आपल्याला आधीच येते. खालची ओळ सापडली की मधल्या स्वरांना फारसा पर्याय उरत नाही. म्हणून माझं सांगणं असं, की गाणं कानाने बसवताना चालीनंतर कॉर्डकडे जाऊ नये, बेसकडे जावं.

आपल्याला बेस ऐकायची सवय का नाही, याचं एक कारण आपल्या पेटीतच आहे. पेटीचा डावा हात भात्यावर असतो, त्यामुळे शिकताना तो हात सूर असा कधी वाजवतच नाही. संगीत नाटकांत जो ऑर्गन होता त्याचा भाता पायाने चालायचा, दोन्ही हात मोकळे होते. पण तिथेही साथ गायकाच्या मागोमाग जाणारीच राहिली, कारण त्या संगीताची गरज तीच होती. पुढे घरोघरी आलेल्या कीबोर्डने वेगळीच सोय केली. डाव्या हाताने कॉर्ड दाबली की यंत्र स्वतःच ताल आणि बेस पुरवतं. वाजवणाऱ्याला बेस मिळतो, पण तो त्याने कानाने शोधलेला नसतो.

दुसरं कारण कानाच्या घडणीत आहे. बेल टेलिफोन प्रयोगशाळेतल्या हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये माणसाचा कान कुठल्या कंपनसंख्येला किती दाद देतो याचे आलेख प्रसिद्ध केले. मधल्या आणि वरच्या आवाजांना कान तीक्ष्ण असतो. खोल आवाज तेवढाच मोठा भासायला हवा असेल तर त्याला कितीतरी जास्त जोर लागतो. म्हणूनच रात्री आवाज बारीक करून गाणं लावलं की आधी बेस नाहीसा होतो आणि गायकाचा आवाज मात्र स्पष्ट राहतो. शिवाय दोन स्वर एकत्र वाजले की त्यांतल्या वरच्या स्वराची उंची आपण जास्त नेमकी पकडतो. खालच्या स्वराचं बळ वेगळ्या जागी आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं, की दोन स्वरांपैकी एक किंचित लवकर वाजवला तर ती वेळेतली चूक खालच्या स्वरात मेंदूला चटकन कळते. म्हणजे कान वरच्या थरातून चाल घेतो आणि खालच्या थरातून ठेका. बेस आपण रोज ऐकतो, त्यावर पायाने ताल धरतो. फक्त त्यातले सूर ओळखत नाही.

मोबाईलच्या स्पीकरचं काय? बेस गिटारची सर्वात जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनं करते. एवढासा स्पीकर इतका खोल आवाज काढूच शकत नाही. तरी तोच स्वर आपल्याला ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण तारेतून ४१ बरोबर ८२, १२४, १६५, २०६ अशी तिच्या पटीतली कंपनंही निघत असतात. स्पीकर त्यांतली वरची तेवढी पोचवतो आणि त्यांच्या अंतरावरून मेंदू मूळ स्वराचा अंदाज बांधतो. पण असा अंदाजाने ऐकलेला बेस धूसर असतो आणि तबल्याचा डग्गा किंवा ड्रमचा ठोका त्याच्यात सहज मिसळतो. तेव्हा बेस शोधायला बसताना बरे हेडफोन घ्यावेत.

या पटीतल्या कंपनांमुळे आणखी एक फसगत होते. खालच्या सा च्या तिप्पट कंपनसंख्येला वरच्या सप्तकातला प असतो आणि पाचपट कंपनसंख्येला त्याच्याही वरचा ग. नीट लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून स्वयंभू गंधार ऐकू येतो तो याच नियमाने. गंधाराची तार तंबोऱ्याला नसते. बेसच्या जाड तारेतही हे चालू असतं. शिकणाऱ्याचे कान वर चढतात, तारेतला पंचम पकडतात आणि बेस प वर आहे असं ठरवतात, प्रत्यक्षात तो सा वर असतो. शंका आली की आपल्या वाद्यावर आधी सा धरून पाहावा, मग प. खरा स्वर गाण्यात विरघळून जातो. पंचमही विसंगत वाटत नाही, पण त्याच्या खाली काहीतरी उरल्यासारखं वाटत राहतं.

बेस चालीचं नेमकं काय करतो हे समजायला पेटी पुरेशी आहे. मध्य सप्तकातला सा दाबून ठेवा. त्याच हाताने त्याच्या खाली मंद्र म दाबा. आता वरचा सा हा म चा पंचम झाला आहे, म्हणून जोडी भक्कम आणि स्थिर वाटते. म सोडून मंद्र ध दाबा. वरचा सा तोच आहे, त्याला तुम्ही हातही लावलेला नाही, पण आता तो ध पासून कोमल गंधाराच्या अंतरावर आहे आणि एकदम हळवा होतो. ध ऐवजी कोमल ध घ्या. तोच सा आता शुद्ध गंधाराच्या अंतरावर आला, स्वर उजळला. भाता चालू ठेवून या तीन जोड्या आलटून पालटून ऐकाव्यात. चालीतला स्वर न बदलता त्याचा अर्थ बदलतो तो असा, आणि बदल करणारा स्वर खाली असतो.

तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला हे थोडं बिचकवतं. आपल्या संगीतात खर्ज अढळ असतो. प्रत्येक स्वराचं नातं त्या एका सा शी असतं आणि रागाचा सगळा भाव त्या नात्यातून उभा राहतो. कॉर्डवर बांधलेल्या गाण्यात सा जागेवर असतो, गाणं शेवटी त्याच्याकडेच येतं, पण मधल्या काळात तळ सरकत राहतो. चालीतला प्रत्येक स्वर मग दोन नाती सांभाळतो, एक गाण्याच्या सा शी आणि दुसरं त्या क्षणीच्या बेसशी. आपल्याकडचे बरेच जण बेस सरकला की सा च बदलला असं समजतात आणि पट्टी हरवून बसतात. त्यावर उपाय आपल्याच तालमीत आहे. मनात तंबोरा चालू ठेवायचा आणि बेसचा प्रत्येक स्वर त्या सा च्या हिशेबाने सरगमीत म्हणायचा. ज्याचा सा पक्का आहे त्याला हे फार लवकर जमतं. ही तयारी आपल्याकडे आयती आहे आणि तिचा वापर आपण करत नाही, याची मला नेहमी हळहळ वाटते.

सरकत्या तळाचं सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणून मी शिकणाऱ्यांना योहान पाखेलबेल याचा 'कॅनन' ऐकायला सांगतो. पाखेलबेल १६५३ ते १७०६ या काळातला, जर्मनीतल्या न्युरेंबर्गचा संगीतकार. त्याची ही रचना शतकानुशतकं विस्मरणात होती. १९१९ मध्ये ती छापली गेली आणि झाँ-फ्राँस्वा पायार या फ्रेंच संगीतकाराच्या वाद्यवृंदाने १९६८ मध्ये केलेल्या ध्वनिमुद्रणानंतर जगभर पोचली. तीन व्हायोलिन आणि खाली बेस. बेसला आठच स्वर आहेत आणि ते आठ स्वर २८ वेळा वाजतात, एकदाही न बदलता. पांढरी दोन हा सा धरला तर ते असे आहेत: सा, प, ध, ग, म, सा, म, प.

पहिल्या आवर्तनात बेस एकटा असतो, म्हणून हे आठ स्वर तिथे निवांत पाठ करता येतात. दुसऱ्या आवर्तनाला पहिलं व्हायोलिन येतं आणि प्रत्येक बेस-स्वरावर एकेक लांब स्वर घेतं: ग, रे, सा, नि, ध, प, ध, नि. नुसती उतरती सरगम आहे, शेवटी वळून थोडी वर येते. आता दोन्ही ओळी एकमेकींखाली मांडून पाहा. बेस सा वर असताना वर ग आहे, म्हणजे तळापासून तिसरा स्वर. बेस प वर गेला तेव्हा वर रे आहे. प, ध, नि, सा, रे असं मोजलं तर पाचवा. बेस ध वर, वर सा, तिसरा. बेस ग वर, वर नि, पाचवा. बेस म वर, वर ध, तिसरा. बेस सा वर, वर प, पाचवा. पुढे म वर ध आणि प वर नि, दोन्ही तिसरे. तिसरा, पाचवा, तिसरा, पाचवा अशी ही वीण आहे. यातला चौथा स्वर मुद्दाम ऐकण्यासारखा आहे. नि हा सा च्या दारात उभा असलेला अस्वस्थ स्वर. तंबोऱ्यावर तो लावला की कधी एकदा सा वर जातो असं होतं. इथे त्याच्या खाली ग आहे आणि ग चा तो पंचम लागतो, म्हणून शांतपणे उभा राहतो. त्याची बेचैनी बेसने काढून घेतली. तोच नि शेवटी प वर येतो तेव्हा मात्र पुन्हा सा कडे ओढू लागतो, आणि त्याच ओढीने पुढचं आवर्तन सुरू होतं.

त्या काळात वरची ओळ आणि तळाची ओळ एवढंच लिहून देण्याची रीतच होती. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपात ऑर्गन किंवा हार्पसिकॉर्ड वाजवणाऱ्याच्या हाती बेसची ओळ यायची, तिच्यावर काही आकडे असायचे, आणि मधले स्वर त्याने वाजवता वाजवता भरायचे. इटलीतल्या नेपल्समध्ये तर अनाथ मुलांसाठी निघालेल्या संस्थांमधून पुढे संगीताच्या नामांकित शाळा झाल्या आणि तिथली मुलं नुसत्या बेसच्या ओळी समोर ठेवून शिकायची. गुरू खालची ओळ द्यायचा, वरची चाल आणि मधली भर विद्यार्थ्याने हार्पसिकॉर्डच्या पट्ट्यांवर तिथल्या तिथे उभी करायची. रोज हेच करून त्यांचे हात आणि कान असे तयार व्हायचे की पुढे ऑपेराच्या ऑपेरा झपाट्याने लिहिता येत. आपण कानाने गाणं बसवताना याच रस्त्याने उलट दिशेने जातो. चाल तयार आहे, तिच्याखाली कुठला बेस होता ते ऐकून काढायचं.

आपल्या सिनेसंगीतात हा बेस आला कुठून, याचं उत्तर बऱ्याच अंशी गोव्यात आहे. पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांतून मुलांना दो-रे-मी आणि व्हायोलिन शिकवलं जायचं, चर्चमध्ये अनेक आवाजांत गायची सवय व्हायची. ही मुलं पोटापाण्यासाठी मुंबईत आली, हॉटेलांतल्या बँडमध्ये जाझ वाजवू लागली आणि तिथून स्टुडिओत पोचली. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा. ती चाल ऐकून वाद्यवृंदाचे कागद लिहिणारा अरेंजर अनेकदा गोव्याचा असायचा. सेबॅस्टियन डिसोझा यांनी ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्यासाठी हे काम वर्षानुवर्षं केलं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी त्यांच्या नावाचं गाणंच केलं. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांची बेस गिटार असायची. तबकडीच्या वेष्टनावर या लोकांची नावं क्वचितच छापली गेली. जुनं गाणं ऐकताना गायक आणि संगीतकार यांच्याइतकाच मान त्या खालच्या ओळीलाही द्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण गाण्याचा रंग ठरवणारं बरंच काही तिथे आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे. सुरुवात गाण्याच्या शेवटापासून करावी. शेवटच्या ठोक्याला बेस बहुतेक वेळा सा वर येऊन थांबतो. तो स्वर आधी गळ्याने गावा, एक सप्तक वर गायला तरी चालतं, आणि मग वाद्यावर शोधावा. गळ्याची पायरी गाळू नये. वाद्यावर चाचपडत शोधताना जवळपासचे तीन-चार स्वर बरे वाटतात. गळ्यातून निघालेला स्वर मात्र कानाने आधीच ठरवलेला असतो. सा हाती आला की गाणं पहिल्यापासून लावायचं आणि प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आपल्या भाषेत समेवर, बेस कुठे आहे तेवढंच ऐकायचं. तळ बदलायचा असेल तर तो बहुतेक तिथेच बदलतो. मधल्या मात्रांवर बेसवाला काय वाजवतो ते पहिल्या फेरीत सोडून द्यावं.

हे सोडून देणं किती गरजेचं आहे ते जेम्स जेमरसन ऐकला की कळतं. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या साठच्या दशकातल्या असंख्य गाण्यांमध्ये त्याचा बेस आहे. तो एका स्वरावर ठिय्या देत नाही. एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना मधले स्वर घेतो, ठेक्याच्या आडून येतो, कधी चालीला उत्तर दिल्यासारखं वाजवतो. मार्व्हिन गे याच्या १९७१ च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'मधली ओळ जशीच्या तशी उतरवायला घेतली तर दमछाक होईल. पण समेवरचे स्वर वेगळे काढले की खालचा सांगाडा दिसतो आणि बाकीची नक्षी त्याच्यावर नीट बसते. रागाच्या विस्तारात न्यासाचे स्वर आणि जाता जाता लागणारे स्वर आपण वेगळे करतो, तोच विवेक इथे लागतो. चालीलाही तो लावावा. चाल जिथे थांबते तो स्वर आणि त्या क्षणीचा बेस, ही जोडी महत्त्वाची.

पहिल्या सरावासाठी रे चार्ल्सचं १९६१ मधलं 'हिट द रोड जॅक' घ्यावं. बेस चार स्वरांचा आहे आणि गाणंभर तोच फिरतो: सा, कोमल नी, कोमल ध, प. पायऱ्या उतरत जाणारी ओळ असल्यामुळे ती कानात लगेच बसते. मग त्याच वर्षीचं बेन ई. किंगचं 'स्टँड बाय मी', ज्याची सुरुवातच बेसने होते. इथे आठ आवर्तनांची साखळी आहे: सा वर दोन, ध वर दोन, म वर एक, प वर एक आणि परत सा वर दोन. वर चाल जवळजवळ स्वस्थ असते, तळ बदलल्यामुळे गाणं पुढे सरकतं. तिसरं गाणं बीटल्सचं, १९६८ मधलं 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स'. इथे बेस सा, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध असा उतरतो. शुद्ध ध वर क्षणभर अनपेक्षित उजेड पडतो आणि लगेच कोमल धैवताने तो मावळतो. कॉर्डची नावं पाठ करून वाजवणाऱ्याला हा उतार दिसत नाही. तळ ऐकणाऱ्याला तो पहिल्याच वेळी दिसतो.

बेस मिळाला की कॉर्ड कशी ठरवायची? सगळे शुद्ध स्वर असलेल्या गाण्यात सा, म आणि प यांच्यावर मेजर कॉर्ड येते, म्हणजे तिचा मधला स्वर तळापासून शुद्ध गंधाराच्या अंतरावर असतो; रे, ग आणि ध यांच्यावर मायनर, म्हणजे तो कोमल गंधाराच्या अंतरावर. बेसच्या स्वरापासून एकाआड एक असे तीन स्वर घेतले की कॉर्ड तयार होते: म वर म-ध-सा, ध वर ध-सा-ग. या हिशेबाने दहातली बरीच गाणी सुटतात. अडचण येते ती बेस ग किंवा नि वर आला की. ग-प-नि ही ग ची स्वतःची कॉर्ड झाली. पण सा-ग-प या सा च्या कॉर्डमधला ग तळाला ठेवून वाजवायची पद्धतही सर्रास आहे, तेव्हा स्वर होतात ग-प-सा. दोन्हींत ग आणि प सामाईक आहेत, फरक फक्त नि आणि सा यांचा. म्हणून त्या जागी एकच प्रश्न विचारायचा: वर नि चालतो की सा? दोन्ही स्वर पाळीपाळीने गाऊन पाहावेत. एक बसतो आणि दुसरा घासतो. चालीतच त्या क्षणी सा असेल तर विचारायचीही गरज नाही. बेस नि वर असेल तर बहुतेक वेळा ती प ची कॉर्ड असते, नि तळाला घेतलेली. सा आणि ध यांच्यामधली पायरी म्हणून ती येते, आणि उतरता बेस असलेल्या संथ गाण्यांत हमखास सापडते. १९६७ चं प्रोकोल हॅरमचं 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल' यासाठी ऐकावं, तिथे बेस सा वरून एकेक शुद्ध स्वर घेत खाली उतरत जातो.

साधनांचंही थोडं बोलू. तबकड्यांच्या काळात शिकणारे वादक ३३⅓ फेऱ्यांची तबकडी १६⅔ वर लावायचे. गती निम्मी व्हायची आणि सगळं बरोबर एक सप्तक खाली यायचं. जलद तानांसारख्या जागा टिपायला ते छान. बेससाठी उलटं करावं लागतं. तीच तबकडी ४५ वर लावली की सगळे स्वर साधारण मध्यमाच्या अंतराने वर चढतात आणि खोलातला बेस कानाच्या टप्प्यात येतो. आता संगणकावर गती न बदलता सबंध गाणं एक सप्तक वर नेता येतं. गायकाचा आवाज चिमणीसारखा होतो, बेस मात्र गिटारच्या जागी येऊन लख्ख ऐकू येतो. ही युक्ती मला सगळ्यांत उपयोगी वाटते. गाण्यातून गायन, ड्रम आणि बेस वेगवेगळे काढून देणारी सॉफ्टवेअरही आली आहेत. डीझर या फ्रेंच कंपनीने २०१९ मध्ये 'स्प्लीटर' सर्वांसाठी खुलं केलं, त्यानंतर अशा साधनांची रीघ लागली. ती जरूर वापरावीत, पण आधी पूर्ण गाण्यातून बेस ऐकून तो कागदावर सरगमीत मांडावा आणि मगच वेगळा काढलेला बेस लावून पडताळा घ्यावा. कान गर्दीतून एक आवाज वेगळा करायला शिकतो तो गर्दीतच.

एक गोष्ट राहते. बेसची ओळ प्रत्येक गाण्यात असतेच असं नाही. प्रिन्सने १९८४ मध्ये 'व्हेन डव्ह्ज क्राय' प्रसिद्ध केलं तेव्हा त्यातला बेस त्याने मुद्दाम काढून टाकला होता, आणि त्या रिकाम्या तळामुळेच ते गाणं तसं वाटतं. आपल्याकडची पेटी-तबल्यावरची भजनं, जुनी नाट्यपदं, रागावर बांधलेली कितीतरी गाणी यांत तळ सरकतच नाही. अशा गाण्याला कॉर्ड लावण्याआधी पूर्ण गाण्याखाली एकच सा धरून पाहावा. मुखड्यापासून शेवटच्या अंतऱ्यापर्यंत तो कुठेच खटकला नाही, तर तिथे शोधण्यासारखा बेस नाही. डाव्या हाताने सा-प धरावा. राग मालकंस असेल तर त्यात पंचम वर्ज्य असतो आणि तंबोराही मध्यमात लावतात, तेव्हा सा-म धरावा. काही सिनेगीतांत मुखडा असा सा वर उभा असतो आणि अंतऱ्याला बेस चालू लागतो. त्यांचे दोन भाग वेगळे बसवावेत.